रेपर्टरी म्हणजे काय? होमिओपॅथीचे डॉक्टर औषध ‘शोधतात’ ते कसं

होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी ॲलोपॅथीची औषधं लिहून द्यावीत का, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात चांगलीच जुंपली. त्यांना तशी मुभा देण्यासाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली होती, पुढे आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आला. तो केलेल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने करायची की नाही, हा वाद कोर्टापर्यंत गेला आणि १८ सप्टेंबरला राज्यभर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांचा संपही झाला. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ‘त्यांनी आमची औषधं लिहू नयेत’ आणि ‘आम्ही शिकून लिहितोय’ एवढंच ऐकू येत होतं. होमिओपॅथीचे डॉक्टर स्वतःची औषधं कशी ठरवतात, हे मात्र वर्षानुवर्षं साबुदाण्यासारख्या गोळ्या घेणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं.

म्हणून तर डोकं दुखतंय म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतल्या दवाखान्यात गेलेला माणूस बुचकळ्यात पडतो. डॉक्टर विचारतात, झोपेत पाय पांघरुणाबाहेर काढता का? मीठ वरून घेता का? कुणी समजूत घातली की बरं वाटतं की चिडचिड वाढते? डोक्याचा आणि पांघरुणाचा काय संबंध? संबंध आहे तो टेबलावरच्या, किंवा हल्ली संगणकातल्या, एका जाडजूड पुस्तकाशी. त्याचं नाव रेपर्टरी.

दोन पुस्तकं, एकमेकांच्या उलट लावलेली

होमिओपॅथीचा पाया असा: निरोगी माणसाला एखादा पदार्थ दिल्यावर जी लक्षणं उमटतात, तशीच लक्षणं असलेल्या आजाऱ्याला तो पदार्थ अत्यंत विरळ करून द्यायचा. सॅम्युएल हानेमान या जर्मन डॉक्टरने १७९० साली सिंकोनाची साल स्वतः खाऊन हा प्रकार सुरू केला. निरोगी माणसांवरच्या अशा प्रयोगांना ‘प्रूव्हिंग’ म्हणतात. त्या नोंदी, विषबाधेच्या जुन्या हकिगती आणि दवाखान्यातले अनुभव औषधवार लिहून ठेवले, की त्या ग्रंथाला मटेरिया मेडिका म्हणतात. ब्रायोनिया हे नाव काढा, त्याखाली डोक्यापासून पायापर्यंत शेकडो लक्षणं.

अडचण अशी की रुग्ण औषधाचं नाव घेऊन येत नाही, लक्षण घेऊन येतो. पुस्तकात हजारो पानं, आणि ‘हलल्यावर दुखणं वाढतं’ हे कोणकोणत्या औषधाखाली लिहिलंय ते शोधायचंय. मग तेच पुस्तक उलटं लावायचं: वर लक्षण, खाली ते लक्षण ज्या ज्या औषधाच्या नोंदीत आहे त्यांची यादी. ही झाली रेपर्टरी. लक्षणाच्या अशा प्रत्येक मथळ्याला रुब्रिक म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

हानेमानने १८०५ च्या आपल्या लॅटिन ग्रंथाचा दुसरा भाग अशा सूचीसाठीच ठेवला होता. पण छापील स्वतंत्र रेपर्टरी आणली ती बोनिंगहाउसेनने, १८३२ मध्ये. हा गृहस्थ मुळात कायदा शिकलेला सरकारी अधिकारी. आज कॉलेजात सगळ्यात जास्त चालते ती अमेरिकेतल्या जेम्स टायलर केंटची रेपर्टरी, १८९७ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली. मराठी वाचकाला जवळचं नाव मुंबईच्या डॉ. एस. आर. फाटकांचं. त्यांची आटोपशीर रेपर्टरी १९६३ ची. तीत सगळे मथळे सरळ अकारविल्हे आहेत, त्यामुळे घाईच्या ओपीडीत अनेक जण आजही तीच उघडतात.

इथेच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रेपर्टरी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: अमुक लक्षण कोणत्या औषधांच्या नोंदीत आहे? रुग्णाला काय झालंय, हे ती सांगत नाही. औषध लागू पडेल का, हेही नाही. किती पोटेन्सीचं, म्हणजे किती पायऱ्या विरळ केलेलं द्यायचं, तेही त्यात नसतं.

पुस्तकात कुठे काय सापडतं

केंटच्या रेपर्टरीत ३७ प्रकरणं आहेत. पहिलं मन, मग चक्कर, मग डोकं, डोळे, दृष्टी, असं वरून खाली उतरत जातं आणि शेवटी त्वचा व ‘जनरॅलिटीज’, म्हणजे संपूर्ण शरीराला लागू होणारी लक्षणं. चौदाशेहून जास्त पानं. प्रत्येक मथळ्याखाली क्रम ठरलेला असतो: आधी बाजू, मग वेळ, मग कशाने वाढतं-कमी होतं हे अकारविल्हे. दुखण्याच्या बाबतीत त्यानंतर नेमकी जागा आणि शेवटी दुखण्याची तऱ्हा – ठणकतं, टोचतं, जळजळतं. हा क्रम अंगवळणी पडला नाही तर डोक्याच्या प्रकरणातच माणूस हरवतो. त्यातला मोठा भाग ‘दुखणे’ या एका मथळ्यानेच खाल्लेला आहे.

नवशिक्यांना छळणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. तहान आणि भूक ‘पोट’ म्हणजे स्टमकच्या प्रकरणात. तोंडाची चव ‘तोंडा’त, पण ओठ ‘चेहऱ्या’त. मान मागून दुखत असेल तर ‘पाठ’, पुढून सुजली असेल तर ‘बाहेरचा घसा’. हृदयाची धडधड ‘छाती’त. घामाला स्वतंत्र प्रकरण आहे, पण तळपायाचा घाम मात्र ‘हातपाय’ या प्रकरणात. आंबट खावंसं वाटणं ‘पोटा’त, आणि आंबट खाल्ल्याने त्रास होत असेल तर बऱ्याचदा ‘जनरॅलिटीज’मध्ये. स्वप्नं झोपेत, हे तरी ठीक.

औषधांची नावं आखूड केलेली असतात आणि तिथे डोळ्यांची परीक्षा असते. ‘अँट-सी’ आणि ‘अँट-टी’ ही अँटिमनीची दोन वेगळी औषधं. ‘मर्क’ वेगळं, ‘मर्क-सी’ वेगळं. ‘चिन’ म्हणजे सिंकोना, ‘सिना’ म्हणजे लहान मुलांच्या जंतांसाठी ज्याचं नाव घेतात ते. दिव्याच्या उजेडात, बारीक अक्षरात, एक अक्षर चुकलं की औषध बदललं.

अक्षरांचा ठसाही काही सांगतो. केंटमध्ये ठळक अक्षरातलं औषध तीन गुणांचं, तिरप्या अक्षरातलं दोन गुणांचं, साध्या अक्षरातलं एक. ठळक म्हणजे प्रूव्हिंगमध्ये भाग घेतलेल्या बहुतेकांना ते लक्षण आलं आणि पुढे दवाखान्यातही पुन्हा पुन्हा ‘खरं ठरलं’ असं डॉक्टरांनी नोंदवलं. बोनिंगहाउसेनच्या पुस्तकात पायऱ्या तीनपेक्षा जास्त आहेत. त्यामुळे एका पुस्तकातले गुण दुसऱ्यात तसेच टाकून बेरीज करता येत नाही.

तक्रारीचं रुब्रिक होतं कसं

समजा, अशोक चौकाजवळ यंत्रमागावर काम करणारे चाळिशीतले एक गृहस्थ आले. म्हणाले, ‘डॉक्टर, उन्हातून आलं की डोकं फुटायला होतंय बघा. हललं की जास्तच. फडकं आवळून बांधून पडून राहायचं, तेवढंच बरं वाटतं. तहान म्हणाल तर तांब्याच्या तांब्या पाणी. संडासला कडक.’

यातून पहिल्या फेरीत पाच रुब्रिकं निघतात. डोकं-दुखणे-ऊन लागल्याने. डोकं-दुखणे-हालचालीने. डोकं-दुखणे-बाहेरून दाबल्याने कमी. पोट-तहान-भरपूर पाण्याची. शौच-कोरडी.

अनुभवी डॉक्टर इथे थांबून फडक्याबद्दल पुन्हा विचारेल. आवळून बांधल्याने बरं वाटतं, की डोकं झाकून ऊब मिळाल्याने? दाबल्याने असेल तर एक रुब्रिक, बांधल्याने असेल तर त्याच्याच जवळचं दुसरं. पण गुंडाळून गरम ठेवल्याने बरं वाटत असेल तर तिसरंच, आणि त्यात सिलिशिया हे औषध ठळक अक्षरात बसलेलं आहे. एका फडक्यावरून यादी बदलते. गृहस्थांनी ‘फडकं टॉवेलचं नाही, दोरीसारखं पिळून बांधतो’ असं सांगितलं तर प्रश्न मिटला, दाबच हवाय.

‘कडक’ याचाही अर्थ विचारायचा. कोरडी आणि मोठी, की लेंड्यांसारखी, की इच्छाच होत नाही? तिन्हींची पानं वेगळी. सोलापुरात तर रुग्ण मराठी, तेलुगू, कानडी, दखनी यांपैकी कशातही तक्रार सांगेल, आणि रुब्रिक एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत आहे. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्याच्या छातीत जळजळतंय की अंगावर गांधी उठल्यात, हे विचारल्याशिवाय पुस्तक उघडण्यात अर्थ नाही.

हो-नाही उत्तराचे प्रश्न टाळायचे, हा नियम हानेमाननेच घालून दिला आहे. ‘हलल्यावर वाढतं का?’ असं विचारलं तर दहापैकी नऊ जण मान डोलावतील. ‘दुखत असताना काय करता?’ असं विचारलं आणि रुग्ण आपणहून ‘गुपचूप पडून राहतो, पोरांना जवळ येऊ देत नाही’ म्हणाला, तर ते लक्षण धरायचं.

बेरीज आणि त्यातली गोम

आता कागदावर तक्ता आखायचा. उभ्या रांगेत औषधं, आडव्या रांगेत रुब्रिकं, चौकटीत गुण. शेवटी दोन आकडे येतात: किती रुब्रिकांत औषध सापडलं, आणि गुणांची बेरीज किती. पद्धत दिसावी म्हणून आकडे धरायचे तर ब्रायोनिया पाचपैकी पाच रुब्रिकांत, बेरीज १३. नॅट्रम म्युर चारांत, १०. बेलाडोना चारांत, ९. ग्लोनाइन दोनच रुब्रिकांत, पण उन्हाच्या डोकेदुखीत ते ठळक.

पहिला आला म्हणून ब्रायोनिया द्यायचं का? इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. या तक्त्याने फक्त तीन-चार नावं पुढे आणली. आता मटेरिया मेडिका उघडून त्यांची गाठ घालायची. ब्रायोनियाच्या वर्णनात डोळे फिरवले तरी दुखतं, पडून राहावंसं वाटतं, चिडतो. बेलाडोनात ठणका, लालबुंद चेहरा, उजेड आणि धक्का सहन न होणं, आडवं झाल्यावर उलट जास्त. नॅट्रम म्युरमध्ये डोक्यात हातोडे मारल्यासारखं, मिठाची ओढ, समजूत घातली की चिडणं – ते मिठाचे आणि समजुतीचे प्रश्न आले कुठून, हे आता कळलं असेल. ग्लोनाइनमध्ये डोकं मोठं झाल्यासारखं वाटून नाडीबरोबर ठोके पडतात. या वर्णनांशी रुग्ण ताडून मगच निवड.

बेरजेवरच भिस्त ठेवली की काय होतं, तेही सांगायला हवं. सल्फर, लायकोपोडियम, कॅल्केरिया अशी मोठी औषधं हजारो रुब्रिकांत आहेत, कारण त्यांच्यावर प्रयोग जास्त झाले आणि ती दिलीही जास्त गेली. वीस रुब्रिकं घ्या आणि बेरीज करा. रुग्ण कुणीही असो, सल्फर वरच्या पाचांत डोकावणारच. ज्या औषधाची नोंद चार पानांची आहे ते या शर्यतीत कधीच पुढे येत नाही. दुसरी चूक एकच गोष्ट तीनदा मोजण्याची: ऊन सोसत नाही, उकाडा सोसत नाही, बंद खोली सोसत नाही. तीन रुब्रिकं घेतली तर त्या एका लक्षणाला तिप्पट वजन मिळालं. तिसरी याच्या उलट, एकच औषध लिहिलेलं चिमुकलं रुब्रिक सापडल्याच्या आनंदात बाकी सगळं सोडून देण्याची.

आणि गुणांमध्येच एक खोट आहे. ठळक अक्षराचा अर्थ ‘या औषधाच्या रुग्णांत हे लक्षण अनेकदा दिसलं’ एवढाच. पण ते लक्षण इतर औषधांच्या रुग्णांतही तितक्याच वेळा दिसत असेल, तर त्याने निवडीला काडीची मदत होत नाही. जे औषध वारंवार दिलं जातं त्याच्या नावावर ‘खरं ठरल्या’च्या नोंदी आपोआप साचत जातात. संख्याशास्त्र शिकलेल्या होमिओपॅथांनीही हा आक्षेप घेतलेला आहे, आणि तो माझ्या मते बिनतोड आहे.

जॅकार्डवाल्यांना चटकन कळेल अशी गोष्ट

सोलापुरी चादरीवरचं मोराचं किंवा फुलाचं नक्षीकाम जॅकार्ड या मागावरच्या यंत्रावर होतं. छिद्रं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं माळेत ओवलेली असतात. जिथे छिद्र तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, जिथे छिद्र नाही तिथे धागा खालीच. होमिओपॅथीत याच धर्तीची कार्ड-रेपर्टरी निघाली होती. भारतात डॉ. जुगल किशोर यांची कार्डं प्रसिद्ध झाली. एक कार्ड म्हणजे एक रुब्रिक. प्रत्येक औषधाला ठरलेला क्रमांक आणि ठरलेली जागा. ज्या औषधात ते लक्षण आहे, त्याच्या जागी छिद्र. रुग्णाची पाच लक्षणं, पाच कार्डं; एकावर एक नीट जुळवून उजेडाकडे धरायची. ज्या छिद्रातून उजेड आरपार येतो ते औषध पाचही रुब्रिकांत आहे.

बेरीज-बिरीज काही नाही. रेपर्टरी जे काम करते ते हेच: अनेक याद्यांत समान असलेली नावं काढणं. कार्डांत दोन अडचणी होत्या. छिद्राला ठसा नसतो, त्यामुळे तीन गुणांचं आणि एका गुणाचं औषध सारखंच दिसतं. आणि हौसेने आठ-दहा कार्डं लावली, की उजेड कुठूनच येत नाही. मग माणूस एकेक कार्ड काढत बसतो आणि कुठलं काढायचं ते स्वतःच्या मनाने ठरवतो. तिथे यंत्राचा निर्णय संपला, माणसाचा सुरू झाला.

सोलापूरचा उन्हाळा पुस्तकात नाही

मघाच्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. त्यांना भरपूर पाण्याची तहान आहे, हे रुब्रिक आपण घेतलं. पण महिना मे आहे, पारा ४२-४३ च्या घरात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू. तिथे तहान न लागणारा माणूस सापडला तर तो नोंदवण्याजोगा! हानेमानच्या ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथातलं १५३ वं सूत्र हेच सांगतं, की चारचौघांत आढळणारी लक्षणं बाजूला ठेवा आणि वेगळी, विलक्षण, त्या रुग्णाचीच अशी लक्षणं धरा. तहान वगळली की नॅट्रम म्युरचे गुण घसरतात आणि तक्ता बदलतो.

तिखटाचंही तसंच. ‘तिखट-मसालेदार खाण्याची ओढ’ असं रुब्रिक आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या गावात ते कुणाला लावणार? रोज तिखट खाणाऱ्या घरातला एकटाच माणूस ताकभातावर आला असेल तर विचारा. केंटने पुस्तक केलं ते बर्फ पडणाऱ्या मुलखात. ‘गरम खोलीत त्रास वाढतो’ या रुब्रिकातली खोली शेकोटीने तापवलेली, खिडक्या बंद केलेली आहे. आपल्या पत्र्याच्या खोलीतला उकाडा तीच गोष्ट आहे का, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण विचारायला हवा.

याहून महत्त्वाचं: त्या तहानेमागे मधुमेह असू शकतो. तहान, वारंवार लघवी, वजन घटणं असेल तर पुस्तक मिटून आधी साखर तपासायची. डोकेदुखीसाठी रक्तदाब मोजायचा. यंत्रमाग कामगाराचा दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला ‘रात्री वाढतो की पहाटे’ या रुब्रिकात टाकण्याआधी थुंकीची क्षयासाठी तपासणी हवी. सरकारी केंद्रांत ती फुकट होते. कारखान्यातला कापसाचा तूस हेही कारण असू शकतं, आणि त्यावर उपाय नाकावरचा मास्क आणि हवा खेळती ठेवणं. रेपर्टरीत लक्षण सापडलं याचा अर्थ कारण सापडलं असा नाही.

‘एकाच रुग्णाला दोन डॉक्टर वेगळी औषधं का देतात?’

कारण कोणतं लक्षण वरचं धरायचं, यावरच एकमत नाही. केंटच्या मते आधी मन, मग संपूर्ण शरीराची लक्षणं आणि शेवटी एकेका अवयवाची. ‘मला ऊन सोसत नाही’ हे साऱ्या माणसाबद्दलचं विधान, ‘माझं डोकं उन्हाने दुखतं’ हे एका अवयवाबद्दलचं. पहिल्याला मान जास्त. बोनिंगहाउसेन मात्र प्रत्येक तक्रारीचे चार भाग पाडतो – जागा, जाणीव, कशाने वाढतं-घटतं, आणि सोबतचं असंबद्ध वाटणारं लक्षण. गुडघा हालचालीने दुखतो म्हणजे हालचालीचा त्रास साऱ्या माणसालाच, असं तो धरून चालतो. केंटला हे मान्य नव्हतं. त्यामुळे एकाच केस-पेपरवर दोन पद्धतींनी दोन वेगळे तक्ते निघतात आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या पुस्तकाप्रमाणे बरोबर असतात. दोघेही बरोबर ठरवणारी पद्धत कितपत भरवशाची, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो आणि तो टाळता येत नाही.

‘आता तर सॉफ्टवेअर आहे, मग चूक कशी होईल?’

रडार, मुंबईत तयार झालेलं होमपॅथ अशी सॉफ्टवेअर ऐंशी-नव्वदच्या दशकांपासून आहेत. पानं उलटण्याचे तास वाचले, संक्षेप वाचण्यातल्या चुका गेल्या, अनेक रेपर्टरी एकत्र शोधता येतात. पण बेरीज कधीच कठीण नव्हती. कठीण आहे ते ‘डोकं धरतंय’ हे कुठल्या रुब्रिकात टाकायचं ते. सॉफ्टवेअरमध्ये उलट एक नवा मोह शिरतो: रुब्रिक टिपायला एका क्लिकचा वेळ लागतो, म्हणून पाचाऐवजी पंचवीस टिपली जातात आणि मग तोच सल्फर वर येतो. शिवाय नव्या संगणकीय रेपर्टरींत भर सतत पडत असते. कुठली नोंद प्रूव्हिंगमधून आली आणि कुठली एखाद्या डॉक्टरच्या एकुलत्या एक रुग्णावरून, हे मूळ संदर्भ उघडून बघणारे थोडेच.

‘पण औषध लागू पडतं का?’

इथे आडपडदा नको. ३० पोटेन्सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीसदा विरळ करणं. एकावर साठ शून्यं इतक्या पटींनी. रसायनशास्त्राच्या हिशेबाने बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा शेवटचा रेणू संपतो. मदर टिंक्चर, म्हणजे विरळ न केलेला मूळ अर्क, आणि अगदी खालच्या पोटेन्सीत पदार्थ असतो, वरच्यांत नसतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं, की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही.

होमिओपॅथांचा आक्षेप असा, की सगळ्यांना एकच औषध देऊन केलेल्या चाचण्या आम्हाला लागू नाहीत. आम्ही माणूस बघून औषध निवडतो. आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, कारण ते ‘निवडणं’ म्हणजेच रेपर्टरीचं काम. असं माणसागणिक औषध निवडलेल्या चाचण्यांचा एक आढावा २०१४ साली आला. त्यात छोटासा फरक दिसला, पण पुराव्याचा दर्जा कमी किंवा अस्पष्ट असल्याने निष्कर्ष जपून काढा, असं तो लिहिणाऱ्यांनीच बजावलं. मग लोकांना बरं का वाटतं? बऱ्याच डोकेदुख्या आपोआप थांबतात, माणूस दवाखान्यात जातो तो त्रास शिगेला असताना, आणि पाऊण तास कुणीतरी मन लावून ऐकून घेतं. रेपर्टरीसाठी लागणारी ती सविस्तर चौकशी अनेकदा अशा गोष्टी बाहेर काढते, ज्या तीन मिनिटांच्या ओपीडीत निघत नाहीत. तेवढं श्रेय द्यायलाच हवं. त्यावरून गोळीत काही आहे असं मात्र ठरत नाही.

सीसीएमपीशी याचा संबंध

आधुनिक औषधशास्त्र निदानापासून सुरू होतं: आजार कोणता, त्यावर कोणतं औषध, वजनाप्रमाणे किती मिलिग्रॅम, मूत्रपिंड आणि यकृत ते झेपवतील का, आधी चालू असलेल्या औषधाशी भांडेल का. रेपर्टरीत यातला एकही प्रश्न नाही. दोन्ही शिकलेला डॉक्टर एकाच रुग्णासमोर दोन वेगळ्या रीतींनी विचार करणार. केस-पेपरवर निदान आणि मोजमापं वेगळी, रुब्रिकं वेगळी लिहिलेली असली, की गोंधळ कमी होतो. वादाच्या दोन्ही बाजूंनी या साध्या गोष्टीवर फारसं बोललं गेलं नाही.

‘ॲप घेऊन घरीच शोधलं तर?’

फुकटची रेपर्टरी ॲप आहेत आणि औषधाची छोटी बाटली स्वस्तात मिळते, त्यामुळे मोह होतो. दोन अडचणी. स्वतःचं लक्षण स्वतः निवडताना माणूस आवडीचं रुब्रिक निवडतो. आपण संतापी आहोत असं कोण टिपेल? दुसरी अडचण जिवावर बेतणारी आहे. ‘डोकं-दुखणे-ऊन लागल्याने’ हे रुब्रिक शोधत बसलेल्या माणसाला उष्माघात झालेला असू शकतो. अंग तापलेलं, ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर, बोलणं असंबद्ध, चालताना झोकांड्या, झटके: यातलं काही असेल तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन करून सिव्हिलला न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणीही घालू नका, गोळीही नाही. अचानक वीज पडल्यासारखी डोकेदुखी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, छातीत दाब, धाप, तापात मान ताठ होणं, यांतही पुस्तकाला हात लावायचा नाही. रक्तदाब, साखर, फिट, थायरॉइड यांच्या चालू गोळ्या होमिओपॅथी सुरू केली म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

डॉक्टरकडे जाणार असाल तर तक्रार आपल्याच शब्दांत सांगा: कुठे, कसं, किती वाजता, कशाने वाढतं, दुखत असताना तुम्ही काय करता. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. उत्तर माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणा. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ‘हो’ म्हटलेलं लक्षण तक्त्यात तीन गुण घेऊन बसतं. आणि उठताना औषधाचं नाव, पोटेन्सी व तारीख कागदावर लिहून मागा. पुड्यांवर नुसते आकडे घालून देण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे, पण उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा सिव्हिलच्या अपघात विभागात ‘काय घेत होता?’ असं विचारलं तर ‘पांढऱ्या गोळ्या’ हे उत्तर कुणाच्याच कामाचं नाही.